नाणेघाट ते क्लाउड: लेख उरतो, वाचनाची किल्ली हरवते

१/ मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा शिलालेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे दोन हजार वर्षे.

२/ पुढे कित्येक शतके वाटसरू या लेखासमोरून गेले, पण तो वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा या अक्षरांना पुन्हा वाचा फुटली. दगड टिकला होता. हरवली होती ती वाचनाची किल्ली.

३/ संगणकयुगात ही किल्ली फार लवकर हरवते. इंग्लंडमधील १०८६ चे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने लेझर डिस्कवर केलेला प्रकल्प मात्र पंधरा वर्षांतच दुर्वाच्य होऊ लागला, कारण ती डिस्क चालवणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. अखेर २००२ मध्ये संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर दाखवले.

४/ मराठीलाही हा अनुभव आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेला मजकूर मूळ फॉन्टविना उघडला, की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. फाइल शाबूत असते, मजकूर मुका होतो.

५/ म्हणून केवळ फाइल नव्हे, तर ती वाचणारे यंत्रच जपावे, हा विचार पुढे आला. व्हर्च्युअल मशीनची कल्पना १९६० च्या दशकात आयबीएममध्ये रुजली. २००६ मध्ये ॲमेझॉनने असे सर्व्हर भाड्याने देणे सुरू केले. २०१६ मध्ये त्यांचे केंद्र मुंबईत आले. अशा मशीनच्या डिस्क-इमेजमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम, फॉन्ट, सॉफ्टवेअर आणि माहिती एकत्र नांदतात.

६/ परंतु क्लाउड हे भाड्याचे घर आहे. बिल थकले वा खाते बंद झाले, की डिस्कही पुसली जाऊ शकते. दीर्घकालीन जतनासाठी इमेज स्वतःकडे उतरवून घ्यावी लागते.

७/ त्याची रीत अशी: मशीन आधी बंद करावे, म्हणजे लिखाण अर्धवट राहत नाही. डिस्क सर्वपरिचित स्वरूपात निर्यात करून डाउनलोड करावी. तिचा चेकसम नोंदवून ठेवावा. पुढे एक बिट बदलला तरी तो उघडकीस येतो. प्रती एकाहून अधिक, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

८/ शेवटी क्यूईएमयूसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर ती इमेज प्रत्यक्ष सुरू करून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती जपली गेली असे म्हणता येत नाही. सोबत साध्या मराठीत टिपण असावे: यात काय आहे, ते कसे चालवावे, परवाने कोणते.

९/ नाणेघाटच्या लेखाला प्रिन्सेप लाभला. प्रत्येक हार्ड डिस्कला तो लाभेलच असे नाही. म्हणून किल्ली लेखासोबतच ठेवलेली बरी.