एकोणीस एकांची मूळ संख्या

१/ अकोटच्या शाळेतला फळा असो वा देवळालीच्या, त्यावर ओळीने एकोणीस वेळा १ लिहिण्यास अर्धा मिनिटही लागत नाही: १११११ १११११ १११११ ११११. ही संख्या मूळ आहे, म्हणजे स्वतः व १ यांखेरीज तिला विभाजक नाही, हे सिद्ध होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

२/ केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांना ‘रेपयुनिट’ म्हणतात. ११ ही मूळ आहे; परंतु १११ = ३ × ३७ आणि ११११ = ११ × १०१. एकांची गणती संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच ठरते. गणती मूळ असली तरी खात्री नसते: सात एकांची संख्या २३९ × ४६४९ अशी फुटते. दोननंतरचा यशस्वी आकडा थेट १९ हा आहे.

३/ एकोणीस एकांचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथपर्यंतचा प्रत्येक मूळ विभाजक तपासणे अशक्यप्राय. पण या संख्येचा मूळ विभाजक असलाच तर त्याला ३८ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. एवढ्या एका नियमाने बहुतांश उमेदवार बाद होतात. संगणक नसलेल्या काळात, १९१८ साली, ऑस्कर हॉप यांची सिद्धता मान्य झाली.

४/ हिचा आणखी एक गुण विलक्षण आहे. १ ला या संख्येने भागले असता अठरा शून्ये आणि एक ९, हाच एकोणीस अंकांचा गट अखंड फिरत राहतो. एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्या अस्तित्वातच नाही.

५/ अशा अंकांच्या खेळात महाराष्ट्रातील एका शिक्षकाने आयुष्य घालवले. डहाणूत १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

६/ रेपयुनिटचा वर्ग करा: १११² = १२३२१, ११११² = १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर चढतो नि उतरतो. दहाव्याला हातचा येऊन आकार मोडतो. या घराण्यातील संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. आवर्ती दशांशांवरही त्यांनी काम केले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर पोहोचला तो मुख्यतः १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभात त्यांच्यावर लिहिल्यानंतर.

७/ पुढे २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ ठरल्या. शेवटचीची सिद्धता १९८६ ची. ४९,०८१ एकांची संख्या ‘बहुधा मूळ’ आहे हे १९९९ साली कळले, पण सिद्धता मिळाली २०२२ साली. ‘बहुधा’ हा एक शब्द पुसण्यास तेवीस वर्षे लागली.

८/ अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो समजण्यास भागाकार येणे पुरेसे आहे. कापरेकरांनी आयुष्यभर हाताळले ते प्रश्न याच जातीचे: फळ्यावर मावणारे आणि तरीही अथांग.