मोटारींतील संगीत व नामांकित पेढ्यांचा अस्त

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा राजमार्ग कोंडाईबारीचा घाट उतरून नंदुरबार जिल्ह्यांतील विसरवाडी व नवापूर ह्या गांवांवरून पुढें जातो. त्या रस्त्यानें धांवणाऱ्या मोटारींत आज गाणें नाहीं अशी मोटार विरळाच. परंतु हें गाणें कोणाच्या यंत्रांतून येतें असें विचारलें, तर मालक बहुधा मोटारीचेंच नांव सांगेल. ब्लाउपुंक्ट, बेकर, नाकामिची हीं नांवें एके काळीं मोटारीच्या नांवाइतकींच मानाचीं होतीं. तीं मावळलीं कशीं, ह्याचा आज विचार करूं.

१९३० सालीं शिकागो येथें गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारींत बसवितां येईल असें रेडिओयंत्र विक्रीस काढलें व त्यास ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. १९३२ त जर्मनींत ब्लाउपुंक्टनें तसेंच यंत्र तयार केलें. त्याची किंमत लहान मोटारीच्या किंमतीच्या सुमारें एक तृतीयांश होती. त्या काळच्या निर्वात नळ्यांस उच्च दाबाची वीज लागे, आणि मोटारीच्या बॅटरींतून ती सरळ मिळत नसे. त्यांत इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर व रस्त्याचे हादरे ह्यांची भर. ह्या अडचणींवर मात करणें हें खरोखर कसबाचें काम होतें, व नामांकित पेढ्यांची प्रतिष्ठा त्या कसबावरच उभी होती.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी किंवा अँबॅसेडर घेतली, तरी रेडिओ बहुधा निराळा घेऊन बसवावा लागे. घराप्रमाणें मोटारींतील रेडिओसही सरकारी परवाना लागे. ती पद्धत १९८० नंतरच्या दशकांत संपली. १९६३ सालीं फिलिप्सनें कॅसेट आणली, आणि डोंगराळ मुलखाची मोठीच सोय झाली. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगांवाकडे जातांना रेडिओचा आवाज सातपुड्याच्या कड्यांआड विरून जाई. कॅसेटला डोंगराची भीति नव्हती. हिंदी चित्रपटगीतांच्या जोडीला पुढें अहिराणी गाण्यांच्याही कॅसेटा खानदेशांत वाजूं लागल्या.

ह्या सर्व काळांत ग्राहकाचें स्वातंत्र्य एका कोनाड्यांत सामावलेलें होतें. मोटारीच्या पुढच्या फळींत १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशी जागा सोडण्याचें जर्मन प्रमाण पुढें जगभर मान्य झालें. मोटार कोणाचीही असो, त्या जागेंत आपल्या ऐपतीप्रमाणें व आवडीप्रमाणें यंत्र बसवावें, बिघडल्यास काढून कारागिराकडे न्यावें, नवी मोटार घेतल्यास जुनें यंत्र तींत हलवावें. पेढ्यांची स्पर्धा चालली ती ह्या कोनाड्यासाठीं.

तो कोनाडाच हळूहळू नाहींसा झाला. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें प्राध्यापक अमर बोस ह्यांच्या संस्थेच्या साह्यानें मोटारीच्या अंतर्भागास जुळेल अशी ध्वनियोजना कारखान्यांतच बसविण्यास आरंभ केला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. कारण कांच, गादी व छप्पर ह्यांच्या मापांवर आवाजाचें रूप अवलंबून असतें. पण त्यामुळें निवड ग्राहकाच्या हातून कारखानदाराच्या हातीं गेली. पुढें नकाशा, मागचा देखावा आणि वातानुकूलन हीं सर्व एकाच पडद्यावर आलीं. मग गाण्याचें यंत्र वेगळें काढणें जवळजवळ अशक्य झालें. खिशांतील दूरध्वनींत गाणीं सांठूं लागतांच कॅसेट व तबकडी फिरविणाऱ्या नाजूक यंत्ररचनेची गरजही उरली नाहीं. नाकामिचीचें नांव तर त्या रचनेवरच झालें होतें.

परिणाम लौकरच दिसले. २००२ सालीं नाकामिचीचें दिवाळें निघालें. २००९ त बॉशनें ब्लाउपुंक्टचा मोटार-रेडिओचा धंदा विकून टाकला. हर्मन २०१७ सालीं सॅमसंगनें सुमारें ८ अब्ज डॉलरांस घेतली, व २०१९ त जपानची क्लॅरियन फ्रान्समधील फोरेशियाकडे गेली.

ह्यावर कोणी म्हणेल, आवाज तर पूर्वीपेक्षां सुधारला आहे! तें खरें आहे. २०२१ सालीं महिंद्रानें बाजारांत आणलेल्या एक्सयूव्ही ७०० ह्या गाडींत वरच्या किंमतीस सोनीचे १२ ध्वनिवर्धक मिळूं लागले; आणि साध्या मोटारींतही आज जो आवाज ऐकूं येतो, तो जुन्या काळीं श्रीमंतांसही दुर्लभ होता. म्हणून जुन्या पेढ्यांसाठीं केवळ हळहळ करण्यांत अर्थ नाहीं. हानि झाली ती निराळी आहे. नंदुरबार-शहाद्यासारख्या गांवचा कारागीर डाग देण्याची कढई व तार घेऊन जें यंत्र बोलतें करी, त्याच्या जागीं आतां एक पडदा आहे. तो बिघडला कीं बहुधा सबंध बदलावा लागतो, व त्यासाठीं मोटार कंपनीच्याच दारीं जावें लागतें.

तेव्हां मोटार घेतांना ध्वनिवर्धकावर कोणाचें नांव कोरलें आहे हें पाहून भुलूं नये. हें यंत्र बिघडल्यास दुरुस्त कोण करील, किती वर्षे करील आणि नुसतें तेवढेंच बदलतां येईल काय, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. विक्रेत्याजवळ त्यांचें उत्तर नसेल, तर किंमत ठरवितांना तेंही हिशेबांत धरावें.