जिथे माउंटन बाइक जन्मली, तिथल्याच समुद्रकाठच्या जंगलात सायकलला बंदी का आहे?

ऑक्टोबर १९७६. एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा संबंध कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीशी होता.

सोमवारी, १८ ऑक्टोबरला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने एक कायदा झाला. मरिनच्या समुद्रकाठी पॉइंट रेयेस नावाचा भाग आहे. त्यातला मोठा तुकडा ‘वाइल्डरनेस’, म्हणजे माणसाचा हात लागू न देता राखायचं रान, म्हणून जाहीर झाला.

गुरुवारी, २१ ऑक्टोबरला, त्याच काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर काही पोरं जुन्यापुराण्या सायकली घेऊन जमली. कच्च्या रस्त्यावरून सगळ्यात आधी खाली कोण पोचतं, एवढाच खेळ होता. ही ‘रिपॅक’ नावाची शर्यत. आज जगभर जी माउंटन बाइक विकली जाते तिची गोष्ट सांगताना सुरुवात इथूनच करतात.

फेअरफॅक्सहून पॉइंट रेयेस गाडीने जेमतेम पाऊण तासावर आहे. तरीही तिथल्या वाइल्डरनेसमध्ये सायकल चालवता येत नाही. चालवणं सोडा, हातात धरून नेली तरी नियमभंग होतो. असं का, हा प्रश्न तिथले सायकलवाले गेली चाळीस वर्षं विचारत आहेत.

आधी जागा समजून घेऊ

पॉइंट रेयेस सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला आहे. नकाशात बघितलं तर समुद्रात घुसलेला एक त्रिकोणी तुकडा दिसतो, मुख्य भूमीला अर्धवट चिकटलेला. तो तसा दिसतो कारण मधून सान अँड्रियास भ्रंश जातो. १९०६ च्या भूकंपात इथलं एक कुंपण मधोमध तुटलं आणि त्याचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापासून पंधरा फुटांहून जास्त सरकला. ती जागा आजही दाखवतात.

१९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात हा भाग ‘राष्ट्रीय सागरकिनारा’ म्हणून संरक्षित झाला. त्याआधी इथे घरांचे प्लॉट पाडून विकायला सुरुवातही झाली होती. आज एकूण क्षेत्र साधारण ७१ हजार एकर आहे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पावणेतीनपट. त्यातलं सुमारे ३३ हजार एकर वाइल्डरनेस आहे. १९८५ पासून त्याला खासदार फिलिप बर्टन यांचं नाव आहे.

इथे ४९० च्या आसपास पक्ष्यांच्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. टुले एल्क ही हरणं इथून नाहीशी झाली होती, ती १९७८ मध्ये परत आणून सोडली. एलिफंट सील आपणहून परत आले. स्नोई प्लोव्हर नावाचा मूठभर आकाराचा पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. विणीच्या हंगामात किनाऱ्याचे काही भाग याच्यासाठी बंद ठेवले जातात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ‘राष्ट्रीय सागरकिनारा’ आणि ‘वाइल्डरनेस’ हे दोन वेगळे दर्जे आहेत. पहिल्यात रस्ते, दीपगृह, गाईंचे गोठे सगळं आलं. दुसरा त्याच्याच पोटातला, जास्त कडक नियमांचा भाग.

आणि ते खटारे

सत्तरच्या दशकात मरिनमधली काही मंडळी १९३० आणि ४० च्या दशकातल्या जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावर न्यायची. या सायकलींना ती ‘क्लंकर’ म्हणायची, आपल्या भाषेत खटारा. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं मारलं की लागणारा.

शर्यतीचा रस्ता तीन किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, पण तेवढ्यात उतार १,३०० फुटांचा. खाली पोचेपर्यंत ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. इंग्रजीत याला ‘रिपॅक’ करणं म्हणतात, तेच शर्यतीचं नाव पडलं.

या टोळक्यात चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ होते. ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला, त्यांच्या फ्रेम टॉम रिची बनवायचा. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली आणि विषय हाताबाहेर गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा अधिकृत खेळ होता. वीस वर्षांत खटाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंत!

भांडण दोन शब्दांचं आहे

वाइल्डरनेस कायदा १९६४ चा. त्यात मोटारगाड्या, मोटारबोटी, विमान उतरवणं, यंत्रावर चालणारी अवजारं या सगळ्याला मनाई आहे. यादीच्या शेवटी आणखी एक गोष्ट जोडली आहे: इतर कोणत्याही प्रकारची ‘यांत्रिक वाहतूक’.

आता सायकल ‘यांत्रिक’ आहे का? चेन आहे, गिअर आहेत, बेअरिंग आहेत, म्हणजे यंत्र आहेच. पण ती चालते माणसाच्या पायांवर. कायदा लिहिणाऱ्यांसमोर डोंगर उतरणारी सायकल नव्हतीच.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने या शब्दांचा जो अर्थ लावला, तो सायकलवाल्यांना आजही तोंडपाठ असतो. यांत्रिक वाहतूक म्हणजे जिवंत नसलेल्या शक्तीवर चालणारी, असा तो अर्थ. त्या हिशोबाने सायकल सुटते. पण मग डोंगरावर सायकली दिसायला लागल्या, पायी फिरणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९८४ मध्ये वनसेवेने नियमात सायकलवर स्पष्ट बंदी घातली. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नियमांतही वाइल्डरनेसमध्ये सायकल सोबत बाळगायला मनाई आहे, आणि पॉइंट रेयेस त्यांच्याच अखत्यारीत येतं.

यांत्रिक गोष्टींची नावड फक्त सायकलपुरती नाही. वाइल्डरनेसमध्ये पडलेलं झाड हटवायचं तर कर्मचारी सहसा इंजिनची करवत वापरत नाहीत, दोघांनी ओढायची जुनी करवत वापरतात. व्हीलचेअरला मात्र १९९० च्या अपंग हक्क कायद्याने स्पष्ट परवानगी आहे.

घोडा चालतो, मग सायकल का नाही?

सायकलवाल्यांचा हा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि तो चुकीचा नाही. पॉइंट रेयेसच्या वाइल्डरनेसमधल्या बहुतेक पायवाटांवर घोड्यावरून जाता येतं. चारपाचशे किलोचं जनावर, पायात लोखंडी नाल. त्यापुढे पंधरा किलोची सायकल काय माती उकरणार?

संशोधनही बऱ्यापैकी त्यांच्या बाजूने आहे. १९९४ मध्ये मोंटाना राज्यातल्या पायवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी होते, असं त्यात दिसलं. २००१ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओमधल्या अभ्यासात पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यामुळे झाडोऱ्याचं होणारं नुकसान साधारण सारखंच निघालं. ओल्या मातीत ब्रेक दाबून चाक घसरवलं तर गोष्ट वेगळी, तसंच चोरून नव्या वाटा पाडल्या तरी वेगळी. पण ‘सायकल म्हणजे जंगलाचा नाश’ हे सरसकट वाक्य टिकत नाही.

मग बंदीच्या बाजूने उरतं काय? वेग. वळणावरून ताशी तीस किलोमीटरने येणारी सायकल समोरच्या घोड्याला, म्हाताऱ्या माणसाला, हरणाला सावरायला वेळ देत नाही. दुसरं, पायी माणूस दिवसात जिथवर पोचतो त्याच्या कितीतरी पुढे सायकल पोचते. म्हणजे ज्या कोपऱ्यात आज कोणी फिरकत नाही तिथेही रोज कोणीतरी असणार. बंदीचे समर्थक म्हणतात की वाइल्डरनेस ही अवघड आणि हळूच ओलांडायची जागा आहे आणि तेच तिचं मोल आहे. मला विचाराल तर मातीच्या मुद्द्यापेक्षा हा मुद्दा कितीतरी भक्कम आहे. घोड्याची सवलत मात्र तर्कापेक्षा इतिहासातून आली आहे: कायदा झाला तेव्हा रानात जायची ती रूढ पद्धत होती.

कायदा बदलायचे प्रयत्न झाले. २०१६ मध्ये युटा राज्याच्या दोन सिनेटरनी विधेयक आणलं, २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी टॉम मॅक्लिंटॉक यांनी. दुसरं विधेयक समितीतून पुढे सरकलं, पण कायदा झाला नाही. गंमत म्हणजे १९८८ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनाच त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही. मूळ कायद्याला एकदा हात लावू दिला की सायकलीमागून खाणी आणि गाड्याही शिरतील, अशी भीती पर्यावरणवाद्यांना वाटत होती, आणि त्यांच्याशी वैर घेणं संघटनेला परवडणारं नव्हतं.

मग तिथे सायकल चालवायचीच नाही का?

चालवायची की! वाइल्डरनेसची हद्द आखताना काही जुने शेतरस्ते बाहेर ठेवले गेले. नकाशावर ते राखीव रानातून गेलेल्या बारीक पट्ट्यांसारखे दिसतात. त्यावर सायकलला परवानगी आहे, वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. पायी आणि घोड्यावरून येणाऱ्यांना आधी वाट द्यायची.

सोपी वाट हवी असेल तर कोस्ट ट्रेलचा लगुना ते कोस्ट कॅम्प हा साडेचार किलोमीटरचा तुकडा, शेवटी थेट समुद्र. पाय तयार असतील तर फाइव्ह ब्रुक्सहून निघणारा स्टुअर्ट ट्रेल: सुमारे ११ किलोमीटर, आधी १,३०० फुटांपर्यंत चढ, मग वाइल्डकॅट कॅम्पपर्यंत उतार. परत येताना तोच उतार चढ होतो, हे जाताना कोणी सांगत नाही. वाइल्डकॅटला सायकल ठेवून ओहोटीच्या वेळी वाळूवरून दक्षिणेला पावणेदोन किलोमीटर चाललं की अलामेर धबधबा लागतो. थेट किनाऱ्यावर पडणारा हा धबधबा रीलमध्ये तुम्ही बघितलाच असेल. भरतीची वेळ आधी बघून घ्या, कारण पाणी चढलं की कडा आणि समुद्र यांच्यामध्ये वाट उरत नाही.

सगळ्यात जास्त गर्दी असते ती बेअर व्हॅली ट्रेलवर. झाडांच्या सावलीतून ओढ्याकाठाने जाणारा सपाटसा रस्ता. पाच किलोमीटर झाले की ग्लेन ट्रेलचा फाटा येतो आणि तिथे सायकली लावायचं स्टँड आहे. समुद्र अजून सव्वा किलोमीटर पुढे असतो. लोक कुलूप लावतात, हेल्मेट हँडलला अडकवतात आणि तिथून चालत जातात.