एक मिलिमीटरची शिवण

इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत चित्रासह छापली आणि युरोपातले शल्यविशारद कामाला लागले. प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात या नाकाचं स्थान अढळ आहे. हाताचा उल्लेख मात्र एका शब्दात उरकतो, कारण त्याचं कुणी काही करूच शकत नव्हतं.

नाक होऊ शकलं ते एका युक्तीमुळे. कपाळाची कातडी पूर्ण सोडवायची नाही, भुवयांच्या मधोमध तिचा देठ शाबूत ठेवायचा. त्या देठातून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जगते. तुटून पडलेल्या हाताला किंवा बोटाला असा देठ कुठून आणायचा? तो नव्याने शिवावा लागतो, आणि बोटाची धमनी असते जेमतेम एक मिलिमीटर रुंद. तुटलेलं बोट जोडण्याची कुळकथा म्हणजे या एका मिलिमीटरपर्यंत पोचायला माणसाला किती काळ लागला, त्याची कथा.

सुरुवात फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाली. 1894 साली तिथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. ती शिवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कार्नो गेले. त्याच शहरात वैद्यकी शिकणाऱ्या अलेक्सी कारेल यांच्या मनाला ही गोष्ट लागली. ते शिकायला गेले मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे. लिऑन रेशमाचं शहर. बारीक सुई आणि तलम धागा यांचं ज्ञान तिथे इस्पितळापेक्षा भरतकामाच्या घरात जास्त होतं. 1902 साली कारेल यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणायचं, की गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणं सोपं जातं. 1912 साली त्यांना नोबेल मिळालं. ते योग्यच होतं. पण त्या बाईंचं नाव इतक्या कमी ठिकाणी भेटतं, याचं मला वाईट वाटतं.

पुढची पन्नासेक वर्षं गाडी मोठ्या रक्तवाहिन्यांपाशीच अडली. बारीक वाहिनी शिवली की आत गुठळी होई आणि सगळं वाया जाई. अडचण हाताची नव्हती, डोळ्याची होती. तशी मोठं करून दाखवणारी दुर्बीण कानाच्या डॉक्टरांकडे कधीचीच होती: स्टॉकहोममध्ये कार्ल निलेन यांनी 1921 सालीच सूक्ष्मदर्शकाखाली कानाची शस्त्रक्रिया केली होती. रक्तवाहिन्यांचे डॉक्टर तिच्याकडे वळले ते 1960 साली. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात ज्युलियस जेकबसन यांना कुत्र्याची मानेतली धमनी कापून पुन्हा जोडायची होती. नुसत्या डोळ्यांनी ते नीट जमेना, तेव्हा त्यांनी कानाच्या शस्त्रक्रियेची दुर्बीण आणली. एर्नेस्टो सुआरेझ यांच्या साथीने त्यांनी दोन मिलिमीटरहून बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या.

आता डोळा पुरत होता, पण सुई पुरेना. नेढ्यातून धागा ओवला की तो दुहेरी होतो. नेढं आणि दुहेरी धागा मिळून वाहिनीला पडणारं भोक धाग्यापेक्षा मोठं होतं आणि तिथूनच रक्त गळतं. कॅलिफोर्नियात हॅरी बंकी यांनी यावर घरच्या गॅरेजमध्ये प्रयोग केले. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स सोबतीला होत्या. नायलॉनच्या तंतूच्या टोकावर धातूचा थर चढवून त्या टोकाचीच सुई करायची, अशी त्यांची कल्पना. नेढंच नाही! अशा टाक्यांनी त्यांनी सशाचा तोडलेला कान जगवला, मग माकडाचं बोट. आज वापरतात तो ‘टेन-झिरो’ धागा केसाच्या निम्म्याहूनही बारीक असतो. हातातून सुटला तर तो शोधायलाही दुर्बीण लागते.

दरम्यान मोठे अवयव जोडले जाऊ लागले होते. मे 1962मध्ये बॉस्टनला रोनाल्ड मॉल्ट आणि सहकाऱ्यांनी रेल्वे अपघातात तुटलेला 12 वर्षांच्या मुलाचा हात खांद्याजवळ जोडला. जानेवारी 1963मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांच्या चमूने एका कारखाना-कामगाराचा मनगटाच्या वर तुटलेला पंजा जोडला. पण तिथल्या धमन्या बोटाच्या मानाने चांगल्याच रुंद असतात.

पूर्ण तुटलेलं बोट परत जगलं ते जपानमध्ये, 27 जुलै 1965 रोजी. नारा वैद्यकीय विद्यापीठात शिगेओ कोमात्सू आणि सुसुमू तामाई यांच्यापुढे 28 वर्षांचा तरुण आला. अंगठा तुटून वेगळा झालेला. हाताच्या कामाचा जवळपास निम्मा भार अंगठा उचलतो. तो गेला की स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही, सदऱ्याचं बटण लावता येत नाही. दोघांनी दुर्बिणीखाली त्याच्या धमन्या आणि शिरा शिवल्या आणि अंगठा जगला. अमेरिकेतल्या नियतकालिकात ही हकिगत छापून यायला 1968 उजाडलं. तोवर अनेक देशांत तुटलेली बोटं कचऱ्यातच जात राहिली असणार.

क्रम आजही साधारण तोच आहे. हाड थोडं कमी करून तारेने बसवायचं, कंडरा जोडायच्या, मग धमनी, मज्जातंतू आणि शिरा. नवख्याला वाटतं धमनी जोडली की जिंकलं. खरी परीक्षा शिरांची असते: त्या पातळ, लिबलिबीत, चटकन मिटणाऱ्या. रक्त बोटात शिरलं आणि परतलं नाही तर बोट निळंजांभळं होतं, आणि आत आलेल्या रक्तानेच मरतं. अशा वेळी चक्क जळू लावतात. ती साचलेलं रक्त ओढते आणि तिच्या लाळेमुळे जखम नंतरही काही तास पाझरत राहते. असे काही दिवस निभावले की रक्ताला परतायच्या नव्या वाटा तयार होतात. सुश्रुताने जळवांसाठी अख्खा अध्याय दिला आहे, त्यांची निवड, पाळणं, लावणं, सगळं. 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कामासाठी जळवांना रीतसर मंजुरी दिली. मज्जातंतू मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटरच वाढतो. स्पर्श परतायला महिने लागतात, आणि तो पूर्वीसारखा परततोच असं नाही.

प्रत्येक बोट जोडता येत नाही. धारदार पात्याने कापलेलं जोडणं सोपं, पॉवर प्रेसखाली चिरडलेलं फार अवघड. अंगठा असेल, एकाहून जास्त बोटं असतील किंवा जखमी लहान मूल असेल, तर डॉक्टर शक्यतो प्रयत्न सोडत नाहीत. पण बोट त्यांच्यापर्यंत चांगल्या स्थितीत पोचायला हवं. बोटात स्नायू जवळपास नसतात, त्यामुळे नीट थंड ठेवलं तर ते 24 तासांपर्यंतही टिकू शकतं. गावाकडून शहरातलं मोठं इस्पितळ गाठायला एवढा वेळ पुरतो. बोट हातचं जातं ते बर्फात थेट गाडल्यामुळे, पाण्यात बुडवल्यामुळे, किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणून तिथेच टाकून आल्यामुळे.

ज्यात बोटं तुटतात त्या कडबा कुट्टीच्या यंत्रावर कंपनीचं नाव ठळक रंगवलेलं असतं. त्याखाली चार ओळी मावतील एवढी जागा असते, आणि पुढच्या ओळी तिथे सक्तीने लिहायला लावाव्यात असं माझं ठाम मत आहे. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हळद किंवा स्पिरिट लावू नका. बोट कातडीच्या पट्टीवर लोंबत असेल तर ती पट्टी कापू नका. तिच्यातून रक्त चालू असू शकतं.