अनुवादकाचा हक्क आणि वकिलाचा मसुदा

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला स्थान असते, प्रकाशकालाही क्वचित असते. वकिलाला मात्र नसते. वास्तविक ग्रंथ ही बाजारात विकली जाणारी वस्तू झाल्यापासून लेखक आणि प्रकाशनसंस्था यांच्यामध्ये हा तिसरा गृहस्थ सतत उभा आहे, आणि लेखकाच्या वाट्याला काय यावे हे पुष्कळदा त्याच्याच मसुद्याने ठरविले आहे.

इंग्लंडातील अशा वकिलांत टॉमस नून टॅलफर्ड याची आठवण प्रथम होते. नामांकित वकील, पार्लमेंटचा सभासद, चार्ल्स लॅमचा मित्र व त्याच्या पत्रांचा संपादक, शिवाय स्वतः नाटककार. १८३७ साली ग्रंथस्वामित्वाची मुदत वाढविणारे विधेयक त्याने मांडले. त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघालेले ‘पिक्विक पेपर्स’ डिकन्सने त्याला अर्पण केले. १८४१ मध्ये या प्रयत्नाला प्रखर विरोध केला तो मेकॉलेने, म्हणजे हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा करून परतलेल्या माणसाने. १८४२ चा कायदा अखेर तडजोडीचाच झाला : लेखकाचे आयुष्य व पुढे ७ वर्षे, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांतील जी मुदत अधिक ती. १८४४ मध्ये ‘ख्रिसमस कॅरल’ची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांविरुद्ध डिकन्सच्या बाजूने टॅलफर्डच उभा राहिला. दावा जिंकला, पण प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च विजयी वादीच्याच माथी बसला. कायदा अनुकूल, वकील जिवलग, आणि तरीही हे फळ!

कंपनी सरकारने १८४७ मध्ये याच धर्तीचा कायदा येथे केला. परंतु त्यानंतरच्या येथील गाजलेल्या खटल्यांत लेखक फारसा दिसतच नाही. दिसते ती लंडनची मॅकमिलन कंपनी. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची बाजारपेठ मोठी, आणि वकिलांचा खर्च सोसण्याचे सामर्थ्य कंपनीपाशीच. १८९० मध्ये कलकत्त्यास पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’वरून तिने दावा जिंकला, जुन्या कवितांची निवड हीदेखील निवडणाऱ्याची मालमत्ता ठरली. १८९५ मध्ये मुंबईस मात्र ती हरली. इंग्रजी गणितग्रंथांचे उर्दू भाषांतर हा मूळ ग्रंथाच्या हक्काचा भंग नव्हे, असा तो निर्णय. आम्हां अनुवादकांना त्यात गौरव वाटावा, कारण आमचे श्रम स्वतंत्र मानले गेले. परंतु याच न्यायाने एका देशी भाषेतील लेखक दुसऱ्या देशी भाषेतील अनुवादकापुढे निरुपाय होत होता, हेही विसरता येत नाही.

तिसरा खटला मुंबईच्या कूपर या प्रकाशनसंस्थेशी झाला व १९२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढला. विषय होता नॉर्थच्या इंग्रजी प्लुटार्कमधील अलेक्झांडरचे चरित्र. मूळ संहितेतील उतारे गाळून-जोडून केलेल्या पाठाला संरक्षण मिळाले नाही, टीपांना मिळाले. गंमत अशी की, नॉर्थने ग्रीक नव्हे, तर आमियोचा फ्रेंच अनुवाद समोर ठेवला होता. अनुवादाच्या अनुवादावरून दोन कंपन्यांचे वकील लंडनपर्यंत झगडले!

दरम्यान १९१४ च्या कायद्याने अनुवादाचा हक्क मूळ ग्रंथकाराला दिला, पण येथे प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांपुरता तो १० वर्षांचाच ठेवला. त्या अवधीत ज्या भाषेत ग्रंथकाराने अनुवाद प्रसिद्ध करविला, त्या भाषेपुरता हक्क टिके. बाकी भाषांना द्वार मोकळे. वाचकाच्या दृष्टीने ही योजना उदार होती. तिची किंमत लेखकाने मोजली, असे माझे मत आहे. १९५७ च्या कायद्याने ती संपविली, आणि ५७ व्या कलमाने कृतीच्या विकृतीविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार हक्क विकून टाकल्यानंतरही कर्त्यापाशी राखला. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरून निघालेल्या चित्रपटाच्या प्रकरणात, कराराच्या शब्दांहून हे कलम वरचढ आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले. कंपन्यांच्या वकिलांना हे वाक्य पचविणे जड गेले असल्यास नवल नाही.

मात्र पैशाचा प्रश्न ५७ व्या कलमाच्या कक्षेबाहेरचा. तो करारपत्रातच सुटतो किंवा बुडतो. १९९४ च्या दुरुस्तीनुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. तरतूद चांगली आहे. पण ती बोलते केवळ करार मुका असेल तेथे. अनुभवी वकील कराराला मुका ठेवीत नाही. ‘संपूर्ण मुदतीकरिता व सर्व जगाकरिता’ असे शब्द तो घालतो, आणि एकरकमी मोबदल्यावर समाधान मानणारा अनुवादक खाली सही करतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्याच्या व संगीताच्या कर्त्यांना स्वामित्वधनाचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तजवीज केली. गीतकार व संगीतकार त्यासाठी कित्येक वर्षे भांडले होते. पुस्तकाच्या अनुवादकाला तशी तजवीज लाभलेली नाही. त्याच्या बाजूने मसुदा वाचणारा वकील त्याला परवडत नाही, आणि प्रकाशकाचा वकील प्रकाशकाचाच असतो.