दप्तर, आठ-अ आणि संगणकाची अनुक्रमणिका

दप्तर म्हटले की आपल्या मुलांना पाठीवरची पिशवी आठवते. हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक असून अर्थ चामडे, कारण एके काळी चामड्यावर लिहीत. तहसीलदार, जमाबंदी हे शब्दही फारसीच्याच वाटेने आले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला वाटते, महसुलाची भाषा ही या दोघींची सामायिक मिळकत आहे.

या मिळकतीत मलिक अंबरचा (मृत्यू 1626) मोठा वाटा आहे. निजामशाहीच्या या हबशी वजिराने जमिनीच्या कसानुसार आकारणी बसवली. पुढे इंग्रजांनी मोजणी केली, 1903 साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला आणि गावाचे दप्तर क्रमांकित नमुन्यांत बसले. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिके.

सात-बारा गट क्रमांकाने लागतो. अमुक गटात कोणाचे नाव, हे लगेच कळते. पण एका माणसाची गावात कुठे कुठे जमीन आहे, असे विचारले तर? तलाठ्याला सगळी पाने उलटावी लागली असती. म्हणून नमुना आठ-अ, खात्यानुसार लावलेला. जमीन तीच, मांडणी दुसरी. संगणकवाले ज्याला इंडेक्स म्हणतात, तो हाच. त्याची किंमतही आहे. फेरफार मंजूर झाला की दोन्हीकडे बदल करावा लागतो. इंडेक्स वाढवले की शोध वेगवान होतो, पण नोंद मंदावते.

1970 साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याचा रिलेशनल सिद्धांत दिला. माणसाने काय हवे ते सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे. हे फार सावकाश चालेल, अशी शंका अनेकांनी घेतली. 1979 मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले: यंत्राने तक्त्यांच्या आकडेवारीवरून प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजावा आणि स्वस्त वाट निवडावी. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन यांनी याच विषयात संशोधन केले. डेटाबेसच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक आहेत.

मात्र आकडेवारी शिळी झाली की यंत्र चुकीची वाट धरते. म्हणून कोणता प्रश्न किती वेळ घेतो याची नोंद ठेवायची, निवडलेली वाट तपासायची, आकडेवारी ताजी करायची, निरुपयोगी इंडेक्स काढून टाकायचे. महसूल खात्यात यासाठी जुना शब्द आहे: दप्तर तपासणी.

आमच्या रावेतमध्ये शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. अशा ठिकाणी जुन्या गटावरचे एकेक नाव लाखमोलाचे ठरते. वडील गेल्यावर वारस नोंद होते, तेव्हा बहिणींची नावे लागली का? शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, आणि तरीही तो कागदावर येता येता अनेक घरांत गळतो. हरकतीसाठी नोटिशीनंतर साधारण 15 दिवस मिळतात. त्या दिवसांत उतारा उघडलाच नाही, तर हक्क असून उपयोग काय?

म्हणून वेग ही केवळ इंजिनिअरची हौस नाही. पण वेगाने मिळालेली खोटी नोंदही खोटीच. सर्व्हर सुधारणे इंजिनिअरांच्या हाती आहे. बहिणीचे नाव लावणे आपल्या. आज आपला आठ-अ काढा आणि नावे मोजा.