कावीळ : रक्ताची कीं यकृताची?

कावीळ झालेल्याला सारें जग पिवळें दिसतें, अशी समजूत मराठींत म्हणीच्या रूपानें रूढ आहे. वस्तुतः रोग्याला जग पिवळें दिसत नाहीं; जगालाच तो पिवळा दिसतो. आणि तो तसा दिसतांच जग निकाल देऊन मोकळें होतें : कावीळ झाली, म्हणजे यकृत बिघडलें. हा निकाल पुष्कळदां बरोबर ठरतो. परंतु भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशांत तो चुकण्याचा संभव मोठा असतो, आणि चुकला तर त्याची किंमत बहुधा एखाद्या बालकाला मोजावी लागते. पिवळेपणा हा रोग नसून ती केवळ वर्दी आहे, ती कोठून आली हें विचारावयास मनुष्य कसा शिकला, याचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्यासारखा आहे.

आपल्या वैद्यकांत काविळीस कामला म्हणतात. चरकसंहितेंत तिचें वर्णन पांडुरोगाच्या अध्यायांत, म्हणजे अंगाच्या फिकटपणाच्या जोडीला, आलें आहे. पांडुरोग्याचें पित्त वाढून रक्तमांस दूषित झालें म्हणजे होणारी ती एक कामला. दुसरी अशी, कीं जींत कफामुळें पित्ताची वाट अडते आणि रोग्याचा मल वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो. यांतील कारणमीमांसा आजच्या शास्त्राहून निराळी आहे. परंतु डोळे सारखेच पिवळे असतांना रोग मात्र दोन असूं शकतात, हें निरीक्षण अत्यंत मार्मिक होय. मलाचा रंग कसा आहे, हा प्रश्न आजचा डॉक्टरही काविळीच्या रोग्याला आधीं विचारतो.

आतां शरीरांत काय घडतें तें पाहूं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यांत मालगुजारीच्या काळापासूनचे शेंकडों तलाव धानाच्या शेतीला पाणी देत आले आहेत. एखाद्या तलावाचें पाणी पाळीच्या माथ्याला टेकलें, तर शहाणा शेतकरी तीन प्रश्न विचारतो. वरून ओढ्यांचें पाणी फाजील आलें काय? पाणी सोडणारा माणूस आजारी पडला काय? कीं पाणी जाण्याची वाटच गाळानें बुजली? शरीरांतील पिवळ्या द्रव्याचेंही असेंच आहे. तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. ती मोडली म्हणजे तिच्यांतील हीमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य बनतें. निरोगी प्रौढ मनुष्याच्या शरीरांत तें रोज सुमारें २५० ते ३५० मिलिग्रॅम तयार होतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून रक्तांतील अल्ब्युमिन त्याला वाहून यकृताकडे नेतें. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन विद्राव्य करतें आणि पित्ताबरोबर आंतड्यांत सोडून देतें. मलाला नेहमींचा तपकिरी रंग येतो तो याच द्रव्याच्या पुढील रूपांतरानें. रक्तांत त्याचें प्रमाण १०० मिलिलिटरमागें साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असतें. तें २ ते ३ मिलिग्रॅमवर गेलें कीं डोळे पिवळे दिसूं लागतात. ओघ वाढो, यकृत थको, किंवा वाट बुजो, तिन्ही वेळां डोळे पिवळेच. कारण कोणतें, तें डोळे सांगत नाहींत.

तें सांगणारी परीक्षा शोधण्यास युरोपांतील शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. १८४७ सालीं जर्मन पंडित रुडॉल्फ फिर्खो याला शरीरांत सांकळलेल्या जुन्या रक्तांत पिवळे स्फटिक आढळले, आणि पित्ताचा रंग मुळांत रक्ताचाच असावा या विचाराला बळ आलें. १८८३ सालीं पॉल एर्लिख यानें बिलिरुबिनाशीं मिळून रंग पालटणारें एक रसायन शोधून काढलें. पुढें १९१३ सालीं हायमन्स व्हान डेन बर्ग या डच वैद्यानें तेंच रसायन रक्तरसावर वापरलें. त्यांत अल्कोहोल मिसळल्यावर रंग येई. १९१६ सालीं त्याला व त्याचा सहकारी म्युलर याला दिसून आलें, कीं वाट अडल्यामुळें झालेल्या काविळींत अल्कोहोलावांचूनच रंग येतो. रक्त मोडल्यामुळें झालेल्या काविळींत मात्र तो अल्कोहोल घातल्यानंतरच येतो. पहिल्या प्रकाराला ‘डायरेक्ट’ व दुसऱ्याला ‘इनडायरेक्ट’ हीं नांवें पडलीं. असें कां होतें, याचा उलगडा होण्यास आणखी ४० वर्षें जावीं लागलीं. यकृतानें आम्लाची जोड दिलेलें बिलिरुबिन तें ‘डायरेक्ट’ आणि यकृतापर्यंत न पोहोंचलेलें वा तेथें तुंबलेलें तें ‘इनडायरेक्ट’, हें १९५६ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं सिद्ध केलें. आज प्रयोगशाळेच्या कागदावर हे दोन शब्द छापलेले असतात; त्यांच्यामागें एवढा इतिहास उभा आहे.

याच कागदावर आणखी कांहीं आंकडे असतात. यकृताच्या पेशींना इजा झाली कीं त्यांच्यांतील कांहीं विकरें रक्तांत पाझरतात. तीं मोजण्याची रीत १९५४-५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें निघाली. १९५५-५६ च्या हिवाळ्यांत दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून काविळीची जी प्रचंड सांथ उसळली, तशा सांथींत हे आंकडे शेंकडोंनीं वा हजारोंनीं चढतात. कारण तेथें विषाणूचा घाला यकृतावरच असतो. या साऱ्या परीक्षांना मिळून ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतात. तथापि हें नांव थोडें फसवें आहे. विकरें यकृताची इजा दाखवितात, त्याची कार्यशक्ति दाखवीत नाहींत. ती पाहावयाची तर अल्ब्युमिनचें प्रमाण आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ पाहावा लागतो. बिलिरुबिन तर बोलूनचालून रक्त, यकृत आणि पित्तनलिका या तिघांचा साक्षीदार. त्याच्या एकट्याच्या जबानीवर यकृताला दोषी ठरवितां येत नाहीं.

पूर्व विदर्भांत हें ध्यानांत ठेवण्याचें कारण सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग होय. १९१० सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यानें एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनीं या रोगांत हीमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो हें दाखवून दिलें. भारतांत १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी या नागपुरच्या संशोधकांनीं मध्य भारतांतील त्याची नोंद ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यक पत्रांत प्रसिद्ध केली. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झालेला गोंदिया या पट्ट्यांत हा रोग विशेष आढळतो. हा दोष एकाच पालकाकडून आलेला असेल, तर तो जीवघेण्या मलेरियापासून थोडेंफार संरक्षण देतो. म्हणूनच जेथें मलेरिया पिढ्यानपिढ्या नांदला, तेथें हा दोषही टिकून राहिला. दोन्ही पालकांकडून आला, तर मात्र तो रोग होऊन बसतो.

अशा रोग्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजीं १० ते २० दिवसांतच मोडतात. ओढ्यांना पूर यावा तसें बिलिरुबिन वाढतें आणि निरोगी यकृतालाही तें आवरत नाहीं. बालकाचे डोळे वरचेवर पिवळे होतात, अंग फिकें पडतें, हातपाय ठणकतात. घरचीं माणसें काविळीची माळ घालतात, मंत्रानें कावीळ उतरवून घेतात, हळद आणि तेल वर्ज्य करतात, क्वचित् उपासही घडवितात. यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. पिवळेपणा कांहीं दिवसांनीं आपोआप उतरला कीं माळेचा गुण आला असें वाटतें. परंतु उपासानें व पाणी कमी पडल्यानें या रोगांत रक्तवाहिन्या तुंबून वेदनांचा झटका येण्याची भीति असते. म्हणजे जें पथ्य म्हणून केलें, तेंच अपथ्य ठरतें.

येथें तो प्रयोगशाळेचा कागद नीट वाचतां आला पाहिजे. एकूण बिलिरुबिन वाढलेलें, त्यांतील बहुतेक भाग ‘इनडायरेक्ट’, यकृताचें एएलटी हें विकर सामान्य, मूत्रांत बिलिरुबिन नाहीं आणि हीमोग्लोबिन कमी, असें चित्र दिसलें तर यकृताची औषधें बाजूस ठेवून रक्ताची तपासणी करावी. एएसटी हें दुसरें विकर तांबड्या पेशींतही असतें. तें थोडें चढलेलें पाहून गोंधळूं नये. मात्र एवढ्यावर सावधगिरी संपत नाहीं. वर्षानुवर्षें बिलिरुबिन अधिक वाहिल्यानें या रोग्यांच्या पित्ताशयांत खडे होतात. एखादा खडा नलिकेंत अडकला, कीं रक्ताच्या काविळीवर अडथळ्याची कावीळ चढते. मग ‘डायरेक्ट’चा आंकडा वाढतो, मूत्र गडद होतें आणि मल पांढुरका पडतो. ज्याला कालपर्यंत वैद्याची कावीळ रक्ताची म्हणाली, त्याचीच आज वाट बुजलेली असूं शकते. म्हणून प्रत्येक वेळीं प्रश्न नव्यानें विचारावा लागतो.

१ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. दोषवाहक असलेल्या पतिपत्नींच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो; तेव्हां विवाहापूर्वीं रक्त तपासून घेण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं. रोग जडलेल्यांनाही हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानें झटके पुष्कळ कमी करतां येतात.

शहरांतील सुशिक्षित घरांतही विदर्भांतून आलेलें एखादें मूल, एखादी मोलकरीण, एखादा विद्यार्थी पिवळ्या डोळ्यांनीं समोर उभा राहतो. त्याला ‘यकृत सांभाळ’ असा उपदेश करणें सोपें आहे. त्यापेक्षां त्याचें रक्त एकदां तपासलें गेलें आहे काय, एवढेंच त्याला विचारावें. तो एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर एखाद्या घरांतील पिढ्यानपिढ्यांचें अनाम दुखणें नांवानिशीं ओळखूं येईल. आणि नांव कळलेल्या शत्रूशीं लढतां तरी येतें.